सात वाजताचा नमुना

पहिली नळी लाल निघाली तेव्हा मी घाबरले नाही, चिडले.

सेंट्रिफ्यूज थांबलं, मी झाकण उघडलं आणि नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. रक्त गरागरा फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. त्याला सीरम म्हणतात, आणि तपासायचं असतं ते हेच. या नळीतलं सीरम डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं.

"तारा सिस्टरनी पुन्हा बारीक सुई वापरली," मी स्वतःशीच म्हणाले.

अशा नमुन्याला आम्ही हिमोलाइज्ड म्हणतो. रक्त काढताना घाई झाली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, की पेशी फुटतात आणि त्यांच्यातला रंग सीरममध्ये उतरतो. म्हणजे चूक काढणाऱ्याची, पेशंटची नाही. माझी नोकरी तेव्हा जेमतेम सात महिन्यांची होती. वय तेवीस. आमच्या तालुक्याच्या गावातलं ते ट्रस्टचं हॉस्पिटल, तळमजल्यावर लॅब, वरच्या मजल्यावर डायलिसिसची चार मशीनं. आजूबाजूच्या तीन तालुक्यांत दुसरी मशीनं नव्हती.

चिठ्ठीवर नाव होतं आश्रुबा तिडके. साखर कारखान्यावर वॉचमन होते. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी येत. कधी लॅबच्या दारात थांबून "पोरी, माझ्या रक्तात काय घावतंय का न्हाई?" असं विचारत. चिठ्ठीवर खाली सिस्टरांनी लिहिलं होतं, 'मशीनवर उलट्या, कंबरदुखी. पोटॅशियम तातडीनं.'

मी तरीही नमुना मशीनला लावला. कागदाची बारीक पट्टी बाहेर आली. पोटॅशियम सात पूर्णांक चार.

हा आकडा खरा असता तर माणसाचं हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं. पण हिमोलाइज्ड नमुन्यात पोटॅशियम नेहमीच जास्त येतं, कारण शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशी फुटली की ते सांडतं. आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. नळदुर्गकर यांचा नियम लॅबच्या भिंतीवर लाल शाईत लिहिलेला होता: 'हिमोलाइज्ड नमुन्याचं पोटॅशियम कळवायचं नाही. नमुना परत मागवायचा.' खोट्या आकड्यावर कुणी औषध दिलं तर माणूस त्यानंच जायचा, हे त्यामागचं कारण. नियम बरोबर होता. आजही सगळ्या लॅबमध्ये तोच आहे.

मी पट्टी घडी करून एप्रनच्या खिशात टाकली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'नमुना हिमोलाइज्ड. पुन्हा पाठवा.' वेळ घातली, नऊ पंचेचाळीस.

पंधरा मिनिटांनी वॉर्डातल्या मावशी दुसरी नळी घेऊन आल्या. मी ती फिरवली. ती अधिकच लाल होती.

नळदुर्गकर सर शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोपवर वाकलेले होते. मी नळी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोणी काढलं?"

"तारा सिस्टर."

"बावीस वर्षं झाली तिला. तिला रक्त काढता येत नाही?" सर म्हणाले. "जा, तू स्वतः काढून आण. आणि मला अकराला ट्रस्टींकडे जायचंय, त्याच्या आत सांग."

जिना चढताना वास आला. तो वास त्या एप्रिलमध्ये गावभर होता. धरण आटलं होतं, नगरपालिकेचे टँकर तळ्यातलं गढूळ पाणी आणत होते. गावात काविळीची साथ आली म्हणून पाण्यात ब्लीचिंग पावडर दुप्पट पडत होती. चहाला वास, भाताला वास, धुतलेल्या केसांना वास. इतके दिवस झाल्यावर कुणी त्याबद्दल बोलतही नव्हतं.

वर चारही मशीनं चालू होती. प्रत्येक पेशंटच्या हातातून दोन नळ्या निघत, एकीतून रक्त बाहेर येई, मशीनवरच्या काचेसारख्या नळकांड्यातून जाई आणि दुसरीतून परत शरीरात. नळकांड्यात केसासारख्या बारीक हजारो नळ्या, त्यांच्या आतून रक्त, बाहेरून शुद्ध केलेलं पाणी, मध्ये एक पातळ पापुद्रा. एका पेशंटमागे तासाला तीस लिटर पाणी त्या पापुद्र्याला लागून वाहतं.

आश्रुबाकाका पहिल्या पलंगावर होते. चेहरा राखेसारखा झाला होता. कुशीवर वळायचा प्रयत्न करत होते आणि डायलिसिसचे टेक्निशियन उबाळे त्यांचा हात धरून होते.

"बीपी पडलंय," उबाळे मला म्हणाले. "सलाईन दिलंय. होतं असं कधी कधी."

"काका, जरा दुसरा हात द्या. पुन्हा रक्त घ्यायचंय."

"घे," ते म्हणाले. "कंबर तुटाय लागलीय पोरी. कुणी करवतीनं कापल्यागत."

मी पट्टा बांधला नाही. जाड सुई घेतली, दट्ट्या हळूहळू ओढला, सुई काढून रक्त नळीच्या कडेनं ओघळू दिलं. यापेक्षा नीट रक्त काढता येत नाही.

"गिरिजा."

तिसऱ्या पलंगावरून काझीबाई हाक मारत होत्या. आठवी ते दहावी मला विज्ञान त्यांनी शिकवलं होतं. जुबेदा काझी. फळ्यावर पेशीची आकृती अशी काढायच्या की पोरं ती पुसू द्यायची नाहीत. निवृत्त व्हायच्या वर्षी मूत्रपिंडं गेली, चार वर्षं त्या मशीनवर होत्या. वर्गात होता तसाच आवाज अजून होता, हळू पण टाळता न येणारा.

"इकडे ये. ही नळी बघ."

मी पाहिलं. "काय बाई?"

"रंग."

रक्ताला काय रंग असणार, असं मला वाटलं. मग मी नीट पाहिलं. परत जाणाऱ्या नळीतलं रक्त तांबडं नव्हतं. विटकरीकडे, करपलेल्या गुळाकडे झुकणारं काहीतरी होतं, आणि नेहमी ते दाट असतं तसं नव्हतं. त्यातून पलीकडचा पडदा अंधुक दिसत होता.

"आठवड्यातून दोनदा, चार-चार तास मी हेच बघत बसते," बाई म्हणाल्या. "पुस्तक धरवत नाही. आज नऊपासून वेगळं आहे. सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, उजेडाचा फरक असेल."

"तुम्हाला काही त्रास होतोय?"

"कंबर दुखतेय. दम लागतोय." त्या थांबल्या. "आश्रुबालाही कंबरच दुखतेय ना?"

मी मान हलवली. शेजारच्या पलंगावरचे एसटीतले कंडक्टर डोळे मिटून पडले होते आणि तळहातानं कंबर चोळत होते.

"बाई, तुमचंही थोडं रक्त घेऊ?"

"घे. आणि लवकर घे."

खाली आले. दोन्ही नळ्या फिरवल्या. त्या पाच मिनिटांत मी सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर हात ठेवून उभी होते, आणि मला आठवतं, माझ्या डोक्यात एकच विचार होता की नळी पिवळी निघू दे, सर ओरडू देत मग.

दोन्ही लाल.

मी सिरिंजच्या खोक्याकडे पाहिलं. कदाचित सिरिंजच खराब असतील, कदाचित नळ्या. त्याच खोक्यातली सिरिंज घेतली, स्वतःच्या डाव्या हाताला पट्टा दातांनी ओढून बांधला, घाईघाईनं, वाईट पद्धतीनं रक्त काढलं. फिरवलं. वरचं सीरम स्वच्छ, लिंबाच्या सालीसारखं पिवळं.

म्हणजे सुई नाही. सिरिंज नाही. सिस्टर नाहीत.

तेव्हा मला सकाळचे नमुने आठवले. तो महिन्याचा पहिला सोमवार होता. त्या दिवशी प्रत्येक पेशंटचं मशीन लावायच्या आधी रक्त घेतात आणि मशीन काढल्यावर पुन्हा घेतात. सात वाजता घेतलेल्या चार नळ्या मी साडेआठलाच तपासून फ्रीजमध्ये उभ्या केल्या होत्या. मी फ्रीज उघडला. आश्रुबा तिडके, पिवळी. जुबेदा काझी, पिवळी. कंडक्टर, पिवळी. चौथे पेशंट, पिवळी.

चारही नळ्या हातात धरून मी तिथं उभी राहिले. सात वाजता या माणसांचं रक्त धड होतं. साडेसातला ती मशीनवर गेली. आता साडेदहा वाजले होते. पेशी माझ्या नळीत फुटत नव्हत्या. त्या माणसांच्या आत फुटत होत्या, वर, या क्षणी.

आणि मग खिशातली पट्टी. सात पूर्णांक चार. तो आकडा खोटा नव्हता. तो पाऊण तास माझ्या खिशात होता.

सर खोलीत नव्हते. ट्रस्टींनी लवकर बोलावलं म्हणून निघून गेले होते. हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर, आरएमओ, बाळंतपणाच्या खोलीत अडकलेले. मूत्रपिंडांचे डॉक्टर मोठ्या शहरातून फक्त शनिवारी यायचे. मी मावशींना आरएमओंकडे पिटाळलं आणि स्वतः जिना चढले. किती पायऱ्या होत्या मला माहीत नाही. वरच्या व्हरांड्यात दुसऱ्या पाळीचे चार पेशंट डबे-पिशव्या घेऊन बाकावर बसले होते. एकानं मला नमस्कार केला.

"उबाळेदादा, मशीनं बंद करा."

"काय झालं?"

"सगळ्यांचं रक्त फुटतंय. मशीनवर. नमुने बघा." मी लाल आणि पिवळ्या नळ्या दोन हातांत धरल्या.

उबाळे त्या नळ्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गिरिजाताई, डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय मी मशीन कसं बंद करू? उद्या कुणाला काही झालं तर?"

"आज होतंय."

"आश्रुबांचं काढतोच आहे मी. त्यांना सहनच होत नाहीय."

मी वळून पाहिलं. पहिल्या पलंगावरचं मशीन त्यांनी थांबवलं होतं, पण पंप हळूहळू फिरत होता. मशीन काढताना नळ्यांत उरलेलं रक्त सलाईन ढकलून पेशंटला परत देतात. डायलिसिसच्या माणसांत रक्त मुळातच कमी असतं, म्हणून एक थेंबही वाया घालवायचा नाही, असं प्रत्येक टेक्निशियनला शिकवलेलं असतं. करपलेल्या गुळाच्या रंगाचं ते रक्त नळीतून पुढे सरकत होतं. नळी मागून स्वच्छ होत येत होती. शेवटची वीतभर उरली होती.

"थांबवा," मी म्हणाले, पण का थांबवायचं हे मला त्या क्षणी शब्दांत सांगता आलं नाही, आणि उबाळेंना ते नीट ऐकूही गेलं नसावं. नळी स्वच्छ झाली.

"माझं बंद करा," काझीबाई म्हणाल्या.

त्या उठून बसल्या होत्या. मोकळ्या हातानं त्यांनी पलंगाची दांडी धरली होती.

"बाई, तुम्ही पडून राहा," तारा सिस्टर म्हणाल्या.

"पेशंट मी आहे. मी नको म्हणतेय. माझ्या इच्छेविरुद्ध चालवलंत तर तो गुन्हा होतो." मग माझ्याकडे पाहून, "या नळ्यांत जे आहे ते फुटलेल्या पेशींचं पाणी आहे ना?"

"हो."

"प्रद्रव्यपटल, पेशीचं आवरण, फाटलेलं. आतलं पोटॅशियम सगळं बाहेर."

"हो, बाई."

"मग ते परत माझ्या अंगात जायला नको. उबाळे, चिमटे लावा दोन्हीकडे. नळ्यांसकट फेकून द्या. माझं रक्त आहे, मी सांगतेय." श्वासासाठी त्या थांबल्या. "त्या दोघांचंही तसंच करा."

उबाळेंनी माझ्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. मग चिमटे उचलले. त्यांनी तिघांनाही दोन मिनिटांत मशीनवरून सोडवलं. मी तेवढ्यात तारा सिस्टरांच्या हातात ती पट्टी दिली. त्यांनी आकडा वाचला, वेळ वाचली, पुन्हा आकडा वाचला. औषधांच्या कपाटाकडे धावल्या.

पोटॅशियमपासून हृदय सांभाळणारं कॅल्शियमचं इंजेक्शन त्यांनी पहिल्या पलंगावर अर्धं दिलं असेल. आश्रुबाकाका छताकडे पाहत होते. ओठ हलले, पण काय म्हणाले ते मला कळलं नाही. मग मान एका बाजूला झाली. आरएमओ आले, छाती दाबली, अर्धा तास दाबली. व्हरांड्यातल्या बाकावरची माणसं एकेक करून उठून दारापाशी आली होती आणि कुणीही त्यांना हटकत नव्हतं.

बाकी तिघांना अँब्युलन्समधून शहरात नेलं. तिघं वाचले.

दुपारी नळदुर्गकर सर परत आले. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले नाहीत. नगरपालिकेच्या पाणी विभागातून त्यांनी ओटीची बाटली मागवली. हे द्रावण पाण्यात टाकलं की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आम्ही दोघं वर गेलो. डायलिसिसला जाणारं पाणी आधी कोळशाच्या टाकीतून जातं. क्लोरीन आणि त्याचे सगळे चुलतभाऊ तो कोळसा शोषून घेतो. मग पाणी आरओमधून जातं. शेवटच्या नळातून सरांनी परीक्षानळी भरली. त्या पाण्याचा रंग बिलकुल बदलायला नको होता. पाच थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं. मग हळदीसारखं झालं. मग भगवं.

"कोळसा संपलाय," सर म्हणाले. "गढूळ पाण्यात ब्लीचिंग पडलं की क्लोरामाइन होतं. ते आरओलासुद्धा दाद देत नाही. पापुद्र्यातून सरळ रक्तात. पेशीच्या पटलातला मेद आणि प्रथिनं जाळून टाकतं." त्यांनी नळी खाली ठेवली. "उबाळे, कोळसा कधी बदलला होता?"

उबाळे भिंतीला टेकून उभे होते. "वर्षाला बदलायचा असतो साहेब. वीस महिने झालेत. दोन अर्ज दिलेत मी ऑफिसला. नकला आहेत माझ्याकडे."

सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "ती पट्टी सिस्टरांकडून परत घे आणि जपून ठेव. थर्मल कागद आहे, सहा महिन्यांत आकडे उडतील. सकाळची आणि ती, दोन्हींची झेरॉक्स काढून ठेव."

मी काढली.

आठवड्यानं मला ऑफिसात बोलावलं. व्यवस्थापक बोराडे साहेब टेबलामागे होते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. याआधी त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

"हालगे, तुझं काम चांगलं आहे," ते म्हणाले. "तुझ्यामुळे तीन माणसं वाचली. ट्रस्टींना मी तसं सांगितलंय."

शिपायानं चहा आणून ठेवला.

"एक अडचण आहे. पावणेदहाचा तो रिपोर्ट. लॅबच्या नियमाप्रमाणे तो ग्राह्यच नाही, बरोबर? नमुना नाकारलेला आहे, तुझ्याच सहीनं. मग त्याचा आकडा रेकॉर्डला कशाला?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "विचार कर. तो आकडा रेकॉर्डला आला तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील? हॉस्पिटलला नाही. तुला. पाऊण तास काय करत होतीस, असं."

हे खरं होतं. मी चहा प्यायले. पट्टीबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. झेरॉक्स माझ्या ट्रंकेत, पदविकेच्या सर्टिफिकेटखाली ठेवली. कोळसा बदलला गेला, रोज सकाळी पाण्याची ओटी चाचणी सुरू झाली, रजिस्टर आलं. नळदुर्गकर सरांनी आपला अहवाल लिहून ट्रस्टला दिला. तो कुणी उघडला की नाही माहीत नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. जाताना भिंतीवरच्या त्या लाल ओळीखाली स्वतःच्या हातानं त्यांनी एक ओळ वाढवली: 'त्याच पेशंटचा दुसरा नमुनाही हिमोलाइज्ड आला, तर ताबडतोब डॉक्टरांना फोन.'

मी आश्रुबाकाकांच्या पलंगाकडे बघायचं टाळत असे. तिथं आता दुसरा पेशंट असायचा.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी काझीबाईंच्या महिन्याच्या तपासणीसाठी मी वर गेले होते. रक्त काढून झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आश्रुबाच्या घरी गेली होतीस?"

"नाही, बाई."

"मला कळलं काय झालं ते. तुला कळलं. उबाळेला कळलं. त्याच्या बायकोला कोणी सांगितलं?"

"ऑफिसनं सांगितलं असेल."

"काय सांगितलं असेल?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणाले.

"मग विचारून ये," बाई म्हणाल्या आणि माझं मनगट सोडलं.

त्या रविवारी मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. पर्समध्ये झेरॉक्स होती. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत होते आणि प्रत्येक वळणावर ते मोडत होतं. घर सापडायला त्रास झाला नाही. पत्र्याचं घर, समोर कापूस वाळत घातलेला. त्यांची बायको कौसाबाई ओट्यावर बसून सरकी निवडत होती. पंचेचाळिशीची असेल. मी हॉस्पिटलातून आले म्हणताच तिचे हात थांबले.

"आता काय ऱ्हायलं?" ती म्हणाली.

"मावशी, मी लॅबमध्ये आहे. काकांचं रक्त मी तपासत होते. त्या दिवशी काय झालं ते सांगायला आले."

"मला ठाव हाय काय झालं." ती सरकीकडे पाहत होती. "तुमच्या हापिसातल्या साहेबानं सांगितलंय. पोटॅशियम वाढलं. पथ्य मोडलं म्हणून. कायतरी खाण्यापिण्यात आलं म्हनले."

"तसं नाही—"

"म्या पाजलं होतं." तिचा आवाज एकदम खाली गेला. "शहाळं. आदल्या सांजंला. लई गरमत होतं, अंगाची नुसती काहिली व्हायली होती त्यान्च्या. म्हनले, कौसा, दोनच घोट. डाक्टरनी नको म्हनून सांगितलेलं मला ठाव होतं. नारळाच्या पान्यात तेच असतंय म्हनून. तरी म्या पाजलं." तिनं आत घराकडे पाहिलं. "सासूला म्याच सांगून बसले. तवापास्नं ती माझ्या हातचं पानी घेत न्हाई. गावात बी समद्यांला ठाव झालंय."

सहा महिने. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले. जुळवलेलं सगळं विसरून गेले. झेरॉक्स काढली आणि तिच्यासमोर धरली.

"हे बघा. हे सकाळी सातचं. मशीन लावायच्या आधीचं. शहाळं आदल्या संध्याकाळचं, म्हणजे त्याचं जे काय व्हायचं ते यात आलंच आहे. पोटॅशियम पाच पूर्णांक एक. डायलिसिसच्या माणसाचं एवढं असतंच. काही धोका नाही यात."

ती कागदाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"आणि हे पावणेदहाचं. सात पूर्णांक चार. या मधल्या वेळात त्यांनी काहीच खाल्लं-प्यालं नाही, ते मशीनवर होते. मशीनचं पाणी खराब होतं, मावशी. त्यानं त्यांच्या रक्तातल्या पेशी फुटल्या. शहाळ्यानं काही झालं नाही."

"पान्यानं?"

"पाण्यानं. हॉस्पिटलच्या." आणि मग, आता नाही तर कधीच सांगणार नाही हे कळून, मी पुढचंही सांगितलं. "हा दुसरा आकडा मला पावणेदहाला कळला होता. नमुना खराब आहे असं समजून मी तो कळवला नाही. पाऊण तास माझ्या खिशात होता. तेव्हाच कळवला असता तर कदाचित ते वाचले असते. नक्की सांगता येत नाही. पण कदाचित."

कौसाबाई माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. पुढे तिच्या थोरल्या मुलानं तोच कागद लावून हॉस्पिटलवर तक्रार केली, उबाळेंच्या अर्जांच्या नकला निघाल्या, चौकशी झाली. मी दोनदा साक्ष दिली आणि पाऊण तासाचा प्रश्न मला दोन्ही वेळा विचारला गेला. त्या नोकरीवर मी नंतर राहिले नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "सातला किती होतं?"

"पाच पूर्णांक एक."

"आनि त्यात शहाळं धरलेलं हाय?"

"हो. धरलेलं आहे."

तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि उठली.

"तुमचं काय ते मागनं बघू," ती म्हणाली. "तुम्ही उठू नका. सासूला बोलावते. तिच्या म्होरं वाचा."

ती आत गेली. थोड्या वेळानं तिचा हात धरून म्हातारी बाहेर आली आणि उंबऱ्याशी बसली. तिला कमी ऐकू येत होतं. मी कागद उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.